बाबांची येझदी घरीच खोलू का? पेंट आधी की इंजिन आधी?

कोराडीचा_पोट्टा
मंडळी नमस्कार. बाबांची येझदी रोडकिंग आहे, १९८६ची. बाबा कोराडी पॉवर हाऊसला होते तेव्हा रोजची ड्युटी हिच्यावरच. नंतर ती मागच्या आंगणात टिनाखाली उभी राहिली ती राहिलीच. वर ताडपत्री, ताडपत्रीवर आईची पापडाची खाट, आणि थंडीत कूलर काढला की कूलरचा स्टँडपण तिच्याच डोक्यावर.
आता डोक्यात आलंय की रविवारी रविवारी बसून घरीच चालू करायची. मी इंजिनिअर आहे पण सॉफ्टवेअरवाला, म्हणजे या कामात शून्य समजा. प्लग साफ करता येतो, बस.
स्थिती अशी की किक जॅम आहे, अर्धीपण खाली जात नाही. टाकी हलवली की आतून खरखर आवाज येतो. एक पेंटर दोस्त आहे तो म्हणतो टाकी-मडगार्ड आधी दे, दिवाळीच्या आत चकाचक करून देतो, इंजिनाचं मग पाहू. बाबा काही सांगत नाहीत, पेपर वाचत वाचत 'त्याले हात नको लावू' एवढंच म्हणतात.
तर पेंट आधी की इंजिन आधी? आणि हे घरी जमते का, की सरळ मिस्त्रीकडे टाकू?

भैताड_नं_१
आधी पापडाची खाट उचल बे.

खामल्याचा_किकमास्टर
पेंट आधी?? दोस्ताला सांग तू टाकी रंगवून घरात ठेव, उदबत्ती लाव. भाऊ, फ्रेममध्ये इंजिन बसवताना दोन जण लागतात आणि तरी कुठे ना कुठे ओरखडा पडतोच. चालू झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर फिरवून पाहावी लागते, कुठून ऑइल गळते, कुठून पेट्रोल टपकते. ताज्या पेंटवर पेट्रोल टपकलं की काय होते ते तुझ्या पेंटरलाच विचार. आमच्या गल्लीत एक बुलेट आहे अशी, आधी पेंट, मग क्रोम, मग सीट, मग पैसे संपले. अजून एकदाही चालू नाही झाली. लोकं तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात.

तर्रीपोहे
+१. इंजिन आधी.

इंजिनदादा
पोट्टा, सगळ्यात आधी एक काम कर, म्हणजे करू नको. किकवर उभा राहू नको. जॅम इंजिनावर जोर केला की पिस्टनची रिंग तुटते नाहीतर किकचे दाते जातात, आणि येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे हे तुला माहीत असेलच. आत दाबून वर फिरवला की किक, सोडला की गिअर. तो दांडा ज्या शाफ्टवर बसतो त्याच्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) घासल्या की दांडा नुसता फिरतो, मग किकपण गेली आणि गिअरपण गेला.
आता जॅम कसा सोडवायचा. प्लग काढ. त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं मिसळून अर्धा कपभर टाक. प्लग हातानेच परत लाव म्हणजे धूळ जाणार नाही. आता विसरून जा आठवडाभर. पुढच्या रविवारी गाडी मेन स्टँडवर घे, वरचा गिअर टाक आणि मागचं चाक हाताने पुढं-मागं, पुढं-मागं. हळू. एक सूत जरी हललं तरी समज काम झालं, परत थोडं तेल टाक आणि पुढच्या रविवारची वाट पाहा. नाही हललं तर हेड काढून पाहू, पण पहिले हे कर.
टू-स्ट्रोक आहे, आत व्हॉल्व्ह नाही, टायमिंग चेन नाही. घरी शिकायला यापेक्षा सोपी गाडी नाही. मी आयटीआयमध्ये पोट्ट्यांना शिकवायचो तेव्हा पहिले टू-स्ट्रोकच खोलायला द्यायचो.
आणि खोलताना दर पायरीला मोबाईलवर फोटो. वायरिंगचा फोटो दोन बाजूंनी.

वकील_महालवाला
सगळे इंजिन-पेंट करून राहिले, कागदाचं कोणी विचारलंच नाही. आरसी कोणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत व्हॅलिड आहे? नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. १९८६ची गाडी म्हणजे एवढ्यात कितीतरी वेळा व्हायला पाहिजे होतं. उशिराचा दंड मोटरसायकलला महिन्याला ३०० रुपये आहे, एप्रिल २०२२ पासून, आणि तो चढत जातो. वीस वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरणाची फीसुद्धा २०२५ मध्ये वाढली, मोटरसायकलला २००० झाली. वरून पर्यावरण कर. नंबर जुना तीन अक्षरी असेल, एमएच मालिका १९८९ला आली. तो नंबर तसाच राहतो, काळजी नको, पण ऑनलाइन सिस्टिममध्ये नोंद चढलेली आहे का ते आधी पाहा. नसेल तर गिरीपेठच्या आरटीओला जाऊन चढवून घ्या, नाहीतर पुढचा एकही अर्ज भरता येणार नाही.
बाबांच्या नावावर आहे ना? आणि बाबा आहेत, देव त्यांना भरपूर आयुष्य देवो. मग आत्ताच तुमच्या नावावर करून घ्या, फॉर्म २९ आणि ३०. मागाहून वारसांचा फॉर्म ३१ आणि सगळ्या भावंडांच्या सह्या, ते मी रोज पाहतो.

कोराडीचा_पोट्टा
@वकीलसाहेब आरसी पुस्तक आहे, जुनं निळं कव्हरवालं, वाळवीने एक कोपरा खाल्लाय पण नंबर वाचता येतात. बाबांच्याच नावावर.
@इंजिनदादा डिझेल-ऑइल टाकलं काका. आईने विचारलं हे काय ओतून राहिला.

भैताड_नं_१
सांग ना की तर्री आहे.

आरएक्सवाला_सदर
येझदीच्या नादी लागण्यापेक्षा यामाहाची आरएक्स १०० घे भाऊ. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन काहीच नाही, ऑइल पंप वेगळा म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायची कटकट नाही. वर्धा रोडवर सिग्नल सुटला की मागचे सगळे धुरात.

खामल्याचा_किकमास्टर
आला. कुठलाही धागा असो, आरएक्स येतेच. बाबांची गाडी आहे भाऊ त्याची. बाबा बदलून घे म्हणशील उद्या.

आरएक्सवाला_सदर
बाबांना पण आरएक्स आवडेल 😄 आणि पार्ट सगळे मिळतात. येझदीची मैसूरची कंपनी १९९६ला बंद झाली. पार्ट आणणार कुठून?

पुण्यातला_नागपूरकर
आरएक्स पण १९९६लाच बंद झाली, त्याचं काय? दोन्ही एकाच वर्षी गेल्या. उलट जावा-येझदीवाले लोक जास्त संघटित आहेत, दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे करतात, शहराशहरात गाड्या काढतात. तिथं जाऊन उभं राहिलं की कोणाकडे कोणता पार्ट पडलाय ते अर्ध्या तासात कळतं. गास्केट, केबल, पिस्टन, ब्रेक शू हे नवीन बनलेले मिळतात. ओरिजिनल मीटर, टाकीचे बॅज, टूलबॉक्सचं झाकण यांना मात्र सोन्याचा भाव. त्यामुळे पोट्ट्या, काहीही भंगारात देऊ नको, तुटलेलं असलं तरी.
माझी स्वतःची १९७२ची जावा आहे, पुण्यात पार्किंगमध्ये. नागपूरचा एक फायदा सांगतो जो तुम्हा लोकांना कळत नाही. आंगण! इथं सोसायटीत गाडी खोलली की सेक्रेटरी खाली येतो.

राजदूतची_नात
टाकीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी केमिस्ट्री शिकवते, आजोबांच्या राजदूतची टाकी मी घरी केली आहे. तुमची खरखर म्हणजे गंजाचे पापुद्रे. आधी टाकी साबणाच्या पाण्याने इतक्या वेळा खळखळा की पेट्रोलचा वास अजिबात यायला नको. हे टाळायचं नाही. मग नळीची भोकं बुच लावून बंद, टाकी पाण्याने भरा, लिटरमागे साधारण चमचाभर धुण्याचा सोडा. साधा जुना बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर घ्या, निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह एका साध्या लोखंडी सळईला. सळई झाकणातून आत सोडायची पण टाकीला कुठेही टेकायला नको, मी जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. चालू केलं की सळईवर लाल-काळा लगदा जमतो, ती मधे मधे काढून घासायची. टाकीतला गंज सैल होऊन सुटतो, चांगला पत्रा तसाच राहतो.
दोन गोष्टी. एक, यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे उघड्यावर करा आणि जवळ कोणी बिडी-सिगरेट नको. दुसरी, स्टेनलेस स्टीलची सळई किंवा डाव वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.
झाल्यावर धुवा, लगेच वाळवा (आपल्याकडे उन्हाळ्यात हे दहा मिनिटांचं काम) आणि आतून टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल फिरवा. ओली ठेवून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत पुन्हा तांबूस दिसेल.

हिंगणा_एमआयडीसी
ताई एवढं कायले? मूठभर बारीक गिट्टी टाका, व्हिनेगर टाका, दोन पोट्टे धरा आणि टाकी हलवत बसा. आम्ही असंच करतो. फुकटात काम.

राजदूतची_नात
हलवा की. पण चाळीस वर्षं जुन्या टाकीत तळाचा पत्रा कागद झालेला असतो, गिट्टीने जिथं टिकून होता तिथं भोक पडतं. आणि व्हिनेगर नंतर सोड्याच्या पाण्याने मारलं नाही तर ते पत्रा खातच राहतं. टाकी एकच आहे म्हणून म्हटलं.

हिंगणा_एमआयडीसी
भोक पडलं तर ब्रेझिंग (पितळेचा टाका) करून देतो मी 😅 पण बरोबर आहे ताई, ओरिजिनल टाकी आहे तर रिस्क नको. आमच्या कंपनीत सगळं स्पीडचं काम.

इंजिनदादा
ब्रेझिंगवरून आठवलं. पेट्रोलच्या टाकीला धुतल्याशिवाय कोणी वेल्डिंगची आग दाखवू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ असते. माझ्या डोळ्यांसमोर एकाच्या भुवया गेल्या. पुढचं सांगत नाही.

कोराडीचा_पोट्टा
अपडेट. चाक हललं!! या रविवारी पुढं-मागं करताना एकदम कट् आवाज आला आणि मग सैल. आता किक पूर्ण खाली जाते. कॉम्प्रेशन आहे असं वाटते, अंगठा प्लगच्या भोकावर धरला तर हवा ढकलते. पोळ्याचा दिवस होता, शेजारचे पोट्टे उद्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सजवत होते, ते सगळे पाहायला जमले.

भैताड_नं_१
उद्या मारबत आहे, पुतळ्यांची मिरवणूक निघते. मिरवणुकीसोबत घेऊन जा आणि ओरड, गंज-कचरा घेऊन जा गे मारबत!

तर्रीपोहे
🤣🤣 उद्या महालात दिसली पाहिजे.

मानेवाड्याची_मीनल
मी फक्त वाचत होते, आता राहवत नाही. माझ्या नवऱ्याने पण असंच सुरू केलं होतं. हॉलमध्ये इंजिन. वर्तमानपत्रावर. दोन दिवाळ्या. कृपया पोट्टाभाऊ, बायकोला आधीच सांगून ठेवा की पार्ट कुठे कुठे ठेवणार. आणि नट-बोल्ट डब्यात ठेवा, संत्राबर्फीचे रिकामे डबे उत्तम, प्रत्येकावर चिठ्ठी. आमच्याकडे सगळे बोल्ट एका बादलीत होते आणि शेवटी बादलीच नवीन दिसत होती.

कोराडीचा_पोट्टा
मीनलताई, बर्फीचे डबे जमा करणं सुरू आहे, त्यासाठी बर्फी खाणंही सुरू आहे.
आता मोठी गोष्ट सांगतो. काल हेड-सिलिंडर काढायला बसलो तर बाबा शेवटी उठून आले. खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले की अरे ही बंद का केली ते तरी विचार. म्हणे शेवटच्या दिवसांत पांढरा दाट धूर सोडायची, आख्खी गल्ली दिसेनाशी व्हायची, आणि गिअर ऑइल टाकलं की महिन्याभरात गायब. गळायचं कुठेच नाही. मिस्त्री रिंग बदल, रिंग बदल करत राहिला, रिंग बदलली, धूर तसाच. मग कंटाळून उभी केली. मी विचारलं हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे तू विचारलं कुठं, तू पेंटचं विचारून राहिला होता.

इंजिनदादा
हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझं टायपिंग वाचलं असतं 😀 बाबांना नमस्कार सांग, त्यांनी निदान करून ठेवलं आहे.
ऐक. या गाडीत क्लच आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) क्लचकडच्या बाजूला एक ऑइल सील असतं जे ते ऑइल क्रँककेसच्या बाहेर थोपवून धरते. सील वाळलं, कडक झालं की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जो व्हॅक्यूम होतो तो गिअर ऑइल आत ओढतो आणि ते जळते. म्हणून पांढरा धूर, म्हणून ऑइल गायब, म्हणून गळती कुठेच नाही. रिंगचा काही संबंध नाही.
दुसऱ्या बाजूला पॉइंट-मॅग्नेटच्या मागेही सील आहे. ते गेलं तर ऑइल नाही, बाहेरची हवा ओढते. मिक्स्चर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढते, गाडी तापते आणि शेवटी पिस्टन धरते. त्यामुळे एक बदलतोस तर दोन्ही बदल. सील रुपयांत मिळते, पिस्टन हजारांत.
क्लचची बाजू खोल. साइड कव्हरचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये धरलेले असतील, साध्या पेचकसाने डोकी घासशील. हातोडीवर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आण, इतवारीत हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. स्प्रॉकेट ओढून काढायला पुलरच पाहिजे, छिन्नी मारली तर क्रँकचा शेंडा वाकतो.
ते झालं की कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडे थोडी हलते ते चालते. वर-खाली टक् झालं तर बिग एंड (रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) गेलं. मग क्रँककेस फोडून क्रँक बाहेर. क्रँक प्रेसवर उघडून नवीन रॉड किट टाकणं आणि डायल गेज लावून ट्रू (सरळ) करणं हे घरचं काम नाही, ते लेथवाल्याचं. तुझा दुसरा प्रश्न होता ना, घरी की मिस्त्रीकडे? क्रँक आणि सिलिंडर बोअर (आतून घासून मोठं करणं) लेथवर, बाकी सगळं तुझ्या आंगणात.

खामल्याचा_किकमास्टर
दादांनी विषय संपवला. फक्त बोअरबद्दल जोडतो. लेथवाल्याकडे नुसतं सिलिंडर देऊ नको, पिस्टन आधी विकत घे आणि दोन्ही सोबत दे, त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांग. आधीच्या ओव्हरसाइजचा आकडा पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला असतो, ०.५० वगैरे, तो पाहून घे.

आरएक्सवाला_सदर
आणि नवीन बोअर झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ॲक्सिलरेटरचा कान पिळू नको. हे आरएक्सलापण लागू आहे म्हणून बोललो.

वर्धारोडचा_वाटसरू
सध्याच्या पेट्रोलचं पण लक्षात घ्या. वीस टक्के इथेनॉल आहे आता. जुनी रबरी नळी, कॉकमधलं वॉशर, कार्बोरेटरची सुईची सीट ही सगळी फुगतात नाहीतर विरघळतात. नळी नवीन घ्या, इथेनॉलला टिकणारी. आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि ताईंनी साफ केलेली टाकी परत गंजेल. टूटी ऑइल लिटरला ४० मिली. 'थोडं जास्त टाकलं तर चांगलं' असं नसतं, प्लग काळा होतो.
ब्रेकचा ड्रम उघडाल तेव्हा फुंकर मारू नका, कॉम्प्रेसर तर बिलकुल नाही. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

पेंटर_प्रतापनगर
मी तो पेंटर दोस्त नाही पण पेंटर आहे, म्हणून माझं पण ऐका. इंजिन आधी, मान्य. पण पेंट कधी करायचा हे कोणी नाही सांगितलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत थिनर हवेतच उडते, रंग टाकीवर पोहोचेपर्यंत कोरडा होतो आणि हात फिरवला तर सँडपेपर. पावसाळ्यात उलटं, लॅकरवर पांढरट धुकं येते. आणि लोकं काय करतात तर धूळ नको म्हणून खोलीत घेतात आणि गरमी होते म्हणून कूलर लावतात! कूलर म्हणजे खोलीत पाऊसच. दिवाळीनंतरचे दिवस बेस्ट. तोपर्यंत तुझं इंजिन होऊनच जाईल.
फ्रेमला पावडर कोटिंग करू शकता, पण ते भट्टीत जाते, त्याआधी बेअरिंगचे कप, रबर सगळं काढा. टाकीवरची लाइन स्टिकरने नको, हाताने मारणारे एक-दोन कारागीर अजून आहेत नागपुरात, वय झालंय त्यांचं.

पुण्यातला_नागपूरकर
मी तर म्हणतो पेंट करूच नको. चाळीस वर्षांचा कंपनीचा रंग आहे. एकदा घासला की गेला. मेण लावून पॉलिश कर, गंज आहे तिथं थांबव, बस. रंगवलेल्या येझदी ढिगाने आहेत.

पेंटर_प्रतापनगर
दादा आमच्या पोटावर पाय नका देऊ.

मानेवाड्याची_मीनल
पेंटवर मत विचारायचं तर ज्यांनी चालवली त्यांना विचारा की.

वकील_महालवाला
पेंटचा रंग बदलणार असाल तर आरसीवरही बदलावा लागतो हे लक्षात ठेवा. आणि क्रँककेस फोडायच्या आधी इंजिन नंबर-चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट काढून घ्या, स्वच्छ. घासता-घासता कोणीतरी नंबर पण घासतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटपण लागेल, २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना. व्हिंटेजचं कोणी विचारेल म्हणून सांगतो, त्याला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे तुमची २०३६ला. आणि ती नोंदणी घेतली की रोज चालवता येत नाही.

कोराडीचा_पोट्टा
बाबांना विचारलं पेंटचं. म्हणाले मरून आहे ती मरूनच राहू दे, टाकीच्या उजव्या बाजूचा पोचा काढू नको, तो काटोल नाक्यावरचा आहे. म्हणजे पॉलिशच. सॉरी पेंटरभाऊ, मडगार्डच्या आतल्या बाजूचं काम तुम्हालाच.
साइड कव्हर निघालं. इम्पॅक्ट ड्रायव्हरने तीन स्क्रू सुटले, एकाचं डोकं गेलं. रॉड वर-खाली अजिबात टक् करत नाही. सील मात्र बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. आता प्रश्न एवढाच की तो डोकं गेलेला स्क्रू कसा काढू?

इंजिनदादा
फोटो टाक. ड्रिल लावायच्या आधी फोटो टाक.

हिंगणा_एमआयडीसी
वर एक नट ठेव आणि आतून वेल्डिंगचा टाका मार, मग पान्याने फिरव. गरमीने पण सुटते. पाहिजे तर रविवारी घेऊन ये इकडे, फक्त टाकी आणू नको सोबत.